राखणीचा हिशेब

एखादा पक्षी आपल्या जागेतून दुसऱ्याला हुसकावून लावतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आधी त्याचा आवेश भरतो. कर्कश चिवचिवाट, झेप, पाठलाग, आणि आगंतुक दिसेनासा झाला की पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसणे. याला आपण मालकी म्हणतो आणि पुढे निघतो. मालकी म्हटले की सारे उलगडले असे वाटते, पण विचारण्यासारखे सगळे त्यापुढेच आहे. ही जागा आपली म्हणण्यासाठी पक्ष्याला काय मोजावे लागते? आणि मोजल्याच्या बदल्यात पदरात काय पडते? राखण हा स्वभाव मानला तर तिचा हिशेब मागता येत नाही. राखण हे काम मानले तर मागता येतो. असा हिशेब फार थोड्या प्राण्यांच्या बाबतीत पुरता मांडला गेला आहे, आणि त्यांतला मला सर्वांत स्वच्छ वाटणारा हिशेब पूर्व आफ्रिकेतल्या एका शिंजिराचा आहे.

शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी, आपल्याला परका नाही. जास्वंदीवर येणारा जांभळा शिंजीर महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिलेला असतो. या कुळात १४० हून अधिक जाती आहेत आणि त्या आफ्रिकेपासून आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या आहेत. मी ज्याच्याविषयी लिहितो आहे तो सोनेरी पंखांचा शिंजीर केनिया, टांझानिया, युगांडा आणि पूर्व काँगोच्या उंच, थंड डोंगराळ भागात राहतो. जर्मन प्रवासी गुस्ताव फिशर यांनी १८८४ साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि बर्लिनचे पक्षितज्ज्ञ अँटोन रायशेनो यांचे नाव त्याला दिले. विणीच्या काळातला नर पाहावा. अंगावर तांबूस सोन्याची झळाळी, पोट काळपट, शेपटीची मधली दोन पिसे लांबलचक, आणि पंखांच्या व शेपटीच्या पिसांना लखलखीत पिवळी किनार. वीण आटोपली की अंगावरची झळाळी जाते आणि नर काळवंडतो, पण ती पिवळी किनार राहते. मादी शेवाळी रंगाची असली तरी पंखांवरचे पिवळे तिच्याकडेही आहे. एवढे सगळे रंग मिरवणाऱ्या या पक्ष्याचे वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास भरते. त्याची चोच सुरुवातीपासूनच खाली वळते आणि टोकापर्यंत वळत जाते. इतकी वाकडी चोच शिंजिरांतही क्वचितच दिसते.

त्या वळणाचे कारण तो ज्या फुलांवर जगतो त्यांत आहे, आणि त्यांतले एक फूल मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. पावसाळा सरत आला की रस्त्याकडेला, पडीक जमिनीवर, जुन्या भिंतींच्या आडोशाला पुरुषभर उंचीचे एक सरळसोट झाड वाढते. चौकोनी दांडा, त्यावर ठरावीक अंतराने काटेरी गोल गेंद, आणि गेंदांतून बाहेर आलेली केशरी मखमली फुले. ही आपली दीपमाळ. मूळची ही आफ्रिकेतली. आता उष्ण प्रदेशांत जगभर पसरली आहे आणि आपल्याकडे इतकी रुळली आहे की कुणी तिला बाहेरची म्हणत नाही. तिच्या फुलाची नळी वाकडी असते आणि मध तळाशी. शिंजीर गेंदावरच पाय रोवून बसतो, चोच नळीत घालतो आणि त्याच वेळी फुलाच्या वरच्या ओठाखालचे पराग त्याच्या कपाळाला लागतात. अमेरिकेतल्या हमिंगबर्डसारखे हवेत थांबून मध पिण्याची त्याला गरज पडत नाही. बसायला जागा फूलच देते. ही गोष्ट पुढच्या हिशेबात महत्त्वाची आहे, कारण बसून खाणे हवेत थांबून खाण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

एका फुलात मध किती? तो मायक्रोलिटरमध्ये मोजावा लागतो. एक मायक्रोलिटर म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग. कधी फुलात एक मायक्रोलिटर असतो, कधी दोन, कधी तीन, आणि नुकतेच कुणी पिऊन गेले असेल तर जवळजवळ काहीच नाही. वरून पाहून भरलेले फूल आणि रिकामे फूल यांत फरक कळत नाही. म्हणून शिंजिराचा दिवस कसा जाणार हे समोर किती फुले आहेत एवढ्यावरच ठरत नाही. त्या फुलांवर आधी कोण येऊन गेले यावरही ते ठरते. राखणीचे मूळ इथे आहे. मोकळ्या ताटव्यावर कुणीही येते, पिते, जाते, आणि प्रत्येकाला अर्धवट रिकामी फुले चाळावी लागतात. राखलेल्या ताटव्यावर एकच पक्षी पितो. एक गेंद चाखून झाला की तो दुसरीकडे वळतो, आणि पहिल्यात मध साठेपर्यंत तिथे कुणी येत नाही. नुकतीच प्यायलेली फुले शिंजीर टाळतात, हेही पुढे अभ्यासात दिसून आले.

पक्ष्यांच्या हद्दीबद्दल जुना विचार वेगळा होता. इंग्लंडच्या इलियट हॉवर्ड यांनी १९२० साली या विषयावर पुस्तक लिहिले तेव्हापासून हद्द म्हटले की जोडीदार, घरटे आणि विणीचे गाणे हेच डोळ्यांसमोर येत असे. १९६४ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जेराम ब्राउन यांनी प्रश्नच वेगळ्या शब्दांत मांडला. त्यांचे म्हणणे साधे होते. राखणीला खर्च येतो. राखणीतून मिळणारा फायदा त्या खर्चाहून जास्त असेल तिथेच राखण टिकेल, नसेल तिथे टिकणार नाही. मग ती वस्तू घरटे असो, जोडीदार असो की अन्न. आपल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. जोंधळा दाण्यात आला की तो शेतात माळा बांधतो, गोफण घेऊन दिवसभर उभा राहतो, आणि कापणी झालेल्या रानात कुणी गोफण फिरवत नाही. पण विचार पटणे वेगळे आणि दोन्ही बाजू एकाच मापात मोजून दाखवणे वेगळे. ब्राउन यांच्या विचाराला आकडे हवे होते, आणि ते आकडे मिळण्यासाठी असा प्राणी हवा होता ज्याचे अन्न मोजता येते, ज्याचा वेळ मोजता येतो, आणि ज्याची राखण उघड्यावर चालते.

फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ हे दोन अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला केनियाच्या पठारावर गेले आणि असा प्राणी त्यांना सोनेरी पंखांच्या शिंजिरात सापडला. विणीचा काळ नव्हता. घरटे नव्हते, पिले नव्हती. तरीही शिंजीर दीपमाळेचे ताटवे राखून बसले होते. म्हणजे राखणीतून जोडीदार आणि संसार वजा झाले आणि मध तेवढा उरला. संशोधकाला याहून सोपी मांडणी निसर्गात क्वचितच मिळते.

काम मात्र सोपे नव्हते. फुले एकेक करून मोजायची. बारीक काचनळी फुलाच्या तळाशी नेऊन मध ओढायचा आणि त्याचे आकारमान घ्यायचे. त्यात साखर किती हे पाहायचे, कारण पक्ष्याला ऊर्जा पाण्यातून मिळत नाही. मग घड्याळ घेऊन पक्ष्यासमोर बसायचे आणि तो मिनिटामिनिटाला काय करतो ते लिहायचे. बसला आहे, पितो आहे, पाठलाग करतो आहे. शेवटी या प्रत्येक कृतीला किती ऊर्जा लागते याचा अंदाज प्रयोगशाळेतल्या मापांवरून बांधायचा. हे सारे जुळवून १९७५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज प्राणिवर्तनाच्या पाठ्यपुस्तकांत तो असतो, पण तिथे तो एका चौकटीत आटोपतो. मला तो सावकाश वाचावासा वाटतो, कारण त्याचे सौंदर्य वजाबाकीत आहे.

आधी खर्चाचे दर पाहू. शिंजीर नुसता फांदीवर बसला तर तासाला ४०० कॅलरी खर्च होतात. फुलांवरून फुलांवर जाऊन मध प्यायला तासाला १०००. आगंतुकाचा पाठलाग करायला तासाला ३०००. (या लहान कॅलरी आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली एक कॅलरी म्हणजे अशा हजार.) पाठलाग मध पिण्याच्या तिप्पट महाग आणि बसण्याच्या साडेसातपट महाग. एवढे महागडे काम कुणी हौसेने करणार नाही.

आता उत्पन्न. फुलामागे एक मायक्रोलिटर मध असेल तर दिवसाची गरज भागवायला शिंजिराला ८ तास प्यावे लागते. दोन मायक्रोलिटर असेल तर ४ तास. तीन असेल तर सुमारे २.७ तास. विषुववृत्तावर दिवस बारा तासांचा असतो. त्यातले आठ तास जगण्यापुरते पिण्यात जाणे आणि अडीच-पावणेतीन तास जाणे, यांतला फरक त्या जिवाला किती मोठा असेल ते वेगळे सांगायला नको.

समजा मोकळ्या ताटव्यावर फुलामागे दोन मायक्रोलिटर मिळतो आणि राखलेल्या ताटव्यावर तीन. राखण करणाऱ्याचे पिण्याचे १.३ तास वाचले. तो वेळ काही फुकट नाही, कारण त्या वेळात पक्षी बसून राहिला तरी तासाला ४०० कॅलरी जाणारच. म्हणून बचत धरायची ती पिणे आणि बसणे यांतल्या फरकाची, तासाला ६०० कॅलरी. १.३ तासांचे झाले ७८०. आता राखणीचा खर्च. शिंजीर दिवसातून सरासरी ०.२८ तास, म्हणजे जेमतेम सतरा मिनिटे, पाठलागात घालवत होते. इथेही तोच नियम लावायचा. पाठलाग केला नसता तर पक्षी बसून राहिला असता, म्हणून जादा खर्च तासाला २६०० कॅलरी. ०.२८ तासांचे झाले ७२८.

बचत ७८०, खर्च ७२८. शिल्लक ५२ कॅलरी.

या शिल्लकीपाशी थोडे थांबावे लागते. ५२ कॅलरी म्हणजे शिंजिराला आठेक मिनिटे फांदीवर बसायला लागणारी ऊर्जा. दिवसभराचा आवेश, झेपा, पाठलाग, आणि वर्षाअखेरी नव्हे तर रोजच्या रोज उरतात आठ मिनिटे. हा आकडा काट्याच्या अचूकतेने घ्यायचा नाही. तो सरासऱ्यांवरून आलेला आहे आणि सरासरीपोटी पुष्कळ चढउतार दडलेले असतात. पण दोन्ही पारडी इतकी जवळ आहेत हीच खरी माहिती आहे. शिंजीर दुसऱ्याला हाकलतो त्यात धगधगते वैर असल्यासारखे दिसते. हिशेबात मात्र ते परवडण्याच्या अगदी काठावरचे काम आहे, आणि काठावर असल्यामुळेच परिस्थिती जराशी हलली की चिन्ह बदलते.

ते कसे बदलते ते त्याच दरांनी करून पाहता येते. समजा ताटव्यावर येणारे आगंतुक दुप्पट झाले आणि पाठलागाची सतरा मिनिटे चौतीस झाली. खर्च १४५६ कॅलरींवर जातो आणि बचत तीच ७८० राहते. अशा वेळी राखण करणारा शिंजीर न करणाऱ्यापेक्षा गरीब होतो. आता उलटी बाजू घेऊ. समजा बहर भरात आहे, मोकळ्या फुलांतच चार मायक्रोलिटर मिळतो आणि राखलेल्यांत सहा. मधातला फरक आधीच्या दुप्पट आहे. तरीही पिण्याचा वेळ दोन तासांवरून एक तास वीस मिनिटांवर येतो, फक्त चाळीस मिनिटे वाचतात आणि हाती लागतात ४०० कॅलरी. राखणीला ७२८ लागणार. विपुलता आली की राखण तोट्यात जाते. मला या साऱ्या प्रकरणात हे सर्वांत विलक्षण वाटते. दुष्काळात जिवांची भांडणे वाढतात आणि सुकाळात मिटतात, हे आपण ऐकलेले असते, पण इथे सुकाळात भांडण का मिटते ते दिसते. पोट भरलेल्या पक्ष्याचे मन मोठे होते असे नाही. आणखी मध मिळाल्याने वाचणारा वेळच कमी कमी होत जातो. एकावरून दोनवर जाताना चार तास वाचतात, दोनवरून तीनवर सव्वा तास, चारवरून पाचवर अर्धा तासही नाही.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. फुले इतकी कमी झाली की एकट्याने प्यायले तरी गरज भागत नाही, तेव्हा ताटवा धरून बसण्यात अर्थ नसतो. पक्ष्याला दुसरीकडे जावेच लागते, आणि जो दुसरीकडे गेला आहे त्याला राखण करता येत नाही. म्हणजे राखण शक्य होते ती दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात. फार गरिबीत नाही, फार श्रीमंतीतही नाही. या मापांच्या आधाराने शिंजीर केव्हा राखण करतील आणि केव्हा सोडून देतील याचा अंदाज गिल आणि वुल्फ यांना बऱ्यापैकी बांधता आला. स्वभाव म्हणून पाहिले असते तर असा अंदाज बांधता आला नसता. तोच पक्षी, तेच झाड, आज भांडतो आणि थोड्या दिवसांनी भांडत नाही, याला स्वभावाकडे उत्तर नाही.

मग तो राखतो ते नेमके काय? जमीन म्हणावे तर ताटव्यांची क्षेत्रे एकमेकांशी अजिबात जुळत नव्हती. काही हद्दी थोड्याशा चौरस मीटरांच्या, तर काही दोन हजार चौरस मीटरांच्याही पुढे गेलेल्या. नकाशा काढला असता तर एक शिंजीर जमीनदार आणि दुसरा भूमिहीन ठरला असता. फुले मोजली तेव्हा सारा गोंधळ मिटला. हद्द लहान असो की मोठी, तीत सरासरी १६०० च्या आसपास फुले होती. दाट वाढलेल्या ठिकाणी तेवढी फुले अंगणाएवढ्या जागेत मिळत, विरळ ठिकाणी त्यांच्यासाठी दूरवर उडावे लागे. शिंजीर एका दिवसाचा मध राखत होता आणि तो मध जितक्या जमिनीवर पसरला असेल तितकी जमीन आपोआप त्याच्या हद्दीत येत होती. क्षेत्रफळ हे आपले माप आहे, त्याचे नाही.

इथे झाडाची बाजूही मनात आल्याशिवाय राहत नाही. दीपमाळ मध देते ती परागांची ने-आण व्हावी म्हणून. एकच शिंजीर त्याच सोळाशे फुलांवर फिरत राहिला तर पराग जवळच्या जवळ, बहुधा एकाच झाडाच्या गेंदांमध्ये, फिरत राहणार. दूरच्या झाडाचे पराग घेऊन येतो तो आगंतुक, ज्याला मालक हाकलून लावतो. चोरून प्यायलेल्या दोन घोटांबरोबर परकी धूळ फुलाला लागते, आणि हाकलला गेलेला पक्षी पळता पळता इथली धूळ दुसऱ्या ताटव्यावर नेतो. मालकाच्या वहीत जो तोटा आहे तो झाडाच्या वहीत जमा असू शकतो. ही माझी जुळवाजुळव आहे, गिल आणि वुल्फ यांची वही पक्ष्याची होती. पण राखणीचा हिशेब एकाच्या बाजूने मांडला की दुसऱ्याची बाजू अशी खुणावू लागते.

गिल आणि वुल्फ यांच्या आकड्यांवर थोड्याच वर्षांत ग्रॅहम पाइक या अभ्यासकाने एक अधिक खोल प्रश्न लावला. राखण परवडते हे ठीक, पण इतकीच का? सोळाशेच फुले का, चोवीसशे का नाहीत? उत्तर पक्षी कशासाठी झटतो आहे यावर अवलंबून आहे. तो जास्तीत जास्त ऊर्जा साठवू पाहत असेल तर हद्दीचा आकार आणि दिवसाची वाटणी एक प्रकारची निघेल. खर्चाच्या प्रमाणात मिळकत वाढवू पाहत असेल तर दुसऱ्या प्रकारची. आणि गरज भागवून दिवसाचा एकूण खर्च कमीत कमी ठेवू पाहत असेल तर तिसऱ्या. पाइक यांनी १९७९ साली प्रत्येक हेतू धरून गणित केले आणि प्रत्यक्ष शिंजिरांशी ताडून पाहिले. शिंजीर जुळले ते शेवटच्या हेतूशी. गरजेपुरता मध मिळवायचा, आणि उरलेला जास्तीत जास्त वेळ तासाला ४०० कॅलरींच्या सर्वांत स्वस्त कामात, म्हणजे बसण्यात, घालवायचा.

हा हेतू सगळ्या मधपायी पक्ष्यांचा नाही. अमेरिकेतला तांबूस हमिंगबर्ड अलास्काच्या बाजूने मेक्सिकोकडे स्थलांतर करताना कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या कुरणांवर काही दिवस उतरतो आणि तिथली फुले राखतो. लिन कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या बसण्याच्या काडीच्या जागी नाजूक तराजू बसवला. पक्षी आपण होऊन तराजूवर येऊन बसे आणि त्याचे वजन कळे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते की हा पक्षी रोज हद्द थोडी लहान-मोठी करून पाहतो आणि वजन सर्वांत वेगाने वाढेल अशा आकारावर येतो. त्याला पुढे शेकडो मैल उडायचे आहे, अंगावर चरबी चढल्याशिवाय ते जमणार नाही. त्याच्यासाठी जादा मध म्हणजे प्रवासाची शिदोरी. केनियातल्या विणीबाहेरच्या शिंजिराला कुठे पोहोचायचे नाही, कुणाला भरवायचे नाही. उद्याचा मध उद्याच्या फुलांत येणार आहे. आज जास्त पिऊन जडावण्यात त्याचा लाभ नाही, आणि जास्त फुले राखायची म्हटली तर जास्त आगंतुकांमागे तासाला ३००० कॅलरींच्या दराने धावावे लागेल.

म्हणून गिल आणि वुल्फ यांच्या वह्यांतल्या ज्या नोंदी सर्वांत कंटाळवाण्या असणार, ‘बसला आहे’, ‘बसला आहे’, ‘बसला आहे’, त्या पाइक यांच्या गणितानंतर वेगळ्याच वाचाव्या लागतात. पाठलागाची सतरा मिनिटे आणि पिण्याचे पावणेतीन तास वजा केले तरी दिवसाचे नऊ तास उरतात. राखणीतून शिंजीर जे मिळवतो ते या नऊ तासांत जमा आहे. राखण नसती, तर त्यांतला सव्वा तास रिकामी फुले चाळण्यात गेला असता.